नेली ग्रिमशॉचा खोकला

आमच्या मालिकेत कुणी फुकट खोकत नाही. खऱ्या आयुष्यात माणूस अख्खा हिवाळा खोकून काढतो आणि वसंतात बागेत बटाटे लावायला बाहेर पडतो. मालिकेत तसं नसतं. आधी खोकला, मग रुमाल, मग डॉक्टरांचा पडलेला चेहरा आणि शेवटी चर्चच्या दारात काळी गाडी. हा क्रम आमच्याकडे चहावाल्या बाईलासुद्धा पाठ.

म्हणून त्या सोमवारी एव्हिस माझ्या खोलीत शिरली आणि नव्या भागाची पानं माझ्या अंगावर टाकून म्हणाली, "वाच," तेव्हा तिचा चेहरा पाहूनच मला कळलं.

मी वाचलं. लोकरीच्या दुकानात नेली गल्ल्यापाशी उभी आहे. गिऱ्हाईक निळी लोकर मागतं. नेली खोकते. लोकर देते.

"बरं मग?" मी म्हटलं.

"बरं मग? मेल्या, तुझ्या बायकोला मारायला निघालेत आणि तू 'बरं मग' म्हणतोस?"

मी इद्रिस पॅरी. 'टॅनर्स यार्ड' या मालिकेत मी वॉल्टर ग्रिमशॉ, बस चालवून निवृत्त झालेला, कबुतरं पाळणारा. एव्हिस हॅलम म्हणजे माझी बायको नेली, कोपऱ्यावरच्या लोकरीच्या दुकानाची मालकीण. पडद्यावरच्या या लग्नाला वीसएक वर्षं होऊन गेली होती. माझी खरी बायको देवाघरी गेली त्यालाही दशक लोटलं, बाजारात मात्र बायका मला अडवून दम देत, "नेलीला एवढं छळू नकोस हं, वॉल्टर!" एव्हिस खुशीत असली की मला इद्रिस म्हणायची, रागावली की वॉल्टर. त्या सोमवारी मी दिवसभर वॉल्टर होतो.

एव्हिसच्या संशयाला हसणं सोपं होतं, पण तो उगाच आलेला नव्हता. तिचा उमेदवारीचा काळ समुद्रकाठच्या एका फिरत्या नाटकमंडळीत गेला. दर आठवड्याला नवं नाटक. संध्याकाळी चालू नाटकाचा प्रयोग करायचा आणि सकाळी पुढच्या नाटकाचे शब्द घोकायचे. तिथून ती लंडनला गेली, सिनेमात शिरली. तिच्या चेहऱ्यावर एक भाबडा विश्वास होता, कुणीही यावं आणि फसवून जावं असा. दिग्दर्शकांना तो फार आवडला. त्यांनी तिला धुक्यात गळा दाबून मारलं, पुतण्याच्या हातून कोकोतून विष दिलं, कॉर्नवॉलच्या कड्यावरून ढकललं, आणि एकदा तर पियानोच्या आत कोंबलं. पोस्टरवर तिचं नाव असे, दुसऱ्या रिळात ती नसे. एकच सिनेमा असा झाला की ती शेवटपर्यंत जिवंत राहिली. त्याची तारीफ झाली, वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि तो काढणारी कंपनीच बुडाली.

पुढे टीव्ही आला. परिचारिका, पाद्र्याची बहीण, पोलीस अधिकाऱ्याची न बोलणारी बायको अशी कामं करत ती यार्डात पोचली. नेलीसुद्धा काही आठवड्यांचीच पाहुणी होती. शेगडीचा वायू गळून ती मरायची होती. पण लोकांना ती आवडली. शेगडी दुरुस्त झाली, नेली राहिली.

"कागदावरचं मरण मला वासावरून कळतं," एव्हिस नेहमी म्हणायची. "तिसऱ्या पानावर माझं कौतुक झालं की विसाव्या पानावर मी थंड."

आणि आता निर्माती नवी आली होती. जोसलिन पाइक. तरुण, हुशार, आवाज लोण्यासारखा. नवी निर्माती आली की यार्डात झाडू फिरतो, हा आमच्याकडचा जुना अनुभव. आधीच्या निर्मात्याने येताच सहलीची बस कालव्यात घातली होती आणि एका दमात अर्धी गल्ली रिकामी केली होती.

"तुला काही कळलं असेल तर आत्ताच सांग," एव्हिस म्हणाली. "नंतर मला कळलं की वॉल्टरला आधीच माहीत होतं, तर मी तुझी कबुतरं सोडून देईन."

"अगं, ती कबुतरं कंपनीची आहेत."

"मग तुलाच सोडून देईन."

त्या दिवसापासून आम्ही दोघं कान टवकारून हिंडू लागलो.

बुधवारी जोसलिनबाई स्वतः एव्हिससाठी चहा घेऊन आल्या. स्वतः! यार्डाच्या इतिहासात कुठल्या निर्मात्याने नटीला चहा आणून दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. कपात मध घातलेला. "कसं वाटतंय, एव्हिस? दमायला होत नाही ना?"

"मला? छे!" एव्हिस म्हणाली, आणि बाईंची पाठ वळताच तिने तो चहा कुंडीत ओतला.

"विष नसेल गं त्यात."

"कोकोतही नव्हतं म्हणे."

मग पार्सलं यायला लागली. आमचे प्रेक्षक मोठे मायाळू. पडद्यावर कुणाचं मूल जन्मलं की झबली पाठवतात. या वेळी सगळं नेलीच्या नावाने आलं. खोकल्याच्या गोळ्या, हंसाच्या चरबीचं मलम, आणि रॉदरहॅमच्या एका म्हातारीने स्वतः विणलेलं, छातीला बांधायचं जांभळं ऊबदार फडकं. सोबत दोन ओळी होत्या: 'जप गं बाई. माझ्या बहिणीचंही असंच सुरू झालं होतं.'

एव्हिस ते फडकं हातात धरून मटकन बसली. "बघितलंस? अख्ख्या इंग्लंडला माहीत आहे, मला सोडून! ज्या पानांवर खोकला आहे ते भाग अजून दाखवलेसुद्धा नाहीत. मग हिला कसं कळलं? कुणीतरी वर्तमानपत्रवाल्यांच्या कानात सोडलंय."

माझ्याही मनात पाल चुकचुकली. तिचं म्हणणं खरं होतं. आम्ही चित्रीकरण करतो आणि दीड-दोन महिन्यांनी लोक ते पाहतात. खोकल्याचं पान तर नुकतंच आलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते आमच्याच अंगणात.

शुक्रवारी दोन सुतार लोकरीच्या दुकानात शिरले आणि गल्ल्यामागची जागा मोजू लागले. एव्हिस दारात उभी राहिली.

"काय मोजताय, बाळांनो?"

"उंची, बाईसाहेब."

"कुणाची?"

सुतारांनी एकमेकांकडे पाहिलं. "ते आम्हाला सांगायचं नाही म्हणून सांगितलंय."

एव्हिस माझ्याकडे वळली. "नवी मालकीण उंच आहे वाटतं."

त्याच दुपारी जोसलिनबाईंनी मला एकट्याला बोलावलं. एव्हिसने मला जाताना पाहिलं. तिची नजर माझ्या पाठीत सुईसारखी टोचली. आत गेलो, तर बाई खिडकीतून बाहेर बघत, घोटाळत बोलत होत्या. एव्हिसच्या घरी कोण असतं? बहीणभाऊ कुणी? झोप नीट लागते का तिला?

मला वाटलं, मारल्यावर भांडायला कोण येईल याची ही चौकशी. मी छाती पुढे काढून म्हटलं, "एव्हिस? घोड्यासारखी ठणठणीत आहे, बाई. आपल्या दोघांना पुरून उरेल."

"छान," त्या म्हणाल्या. चेहरा मात्र छान झाल्यासारखा दिसेना.

बाहेर एव्हिस उभी. "काय ठरलं? माझ्यामागून कोण येतेय तुझ्या घरात? तरुण आहे का?"

"एव्हिस, देवाशपथ, तसं काही बोलणं झालं नाही."

"वॉल्टर, तू वाईट नट आहेस, आणि देवाला मध्ये घातलंस की आणखी वाईट."

मी तिला उपाहारगृहात घेऊन गेलो, मटार आणि मटण भरलेली पेस्ट्री मागवली. तिने चमच्याने पेस्ट्रीचं वरचं आवरण उचलून आत पाहिलं, मग खाल्ली. मी तिला माझ्या वडिलांचं एक प्रवचन ऐकवलं. ते वेल्समधल्या एका खाणगावात धर्मोपदेशक होते. त्यांचं प्रवचन बोलण्यात सुरू व्हायचं आणि अंगात वारं शिरलं की हळूहळू सुरांवर चढायचं. शेवटी शब्द आणि गाणं यांत फरक उरायचा नाही आणि मागच्या बाकांवरचे खाणकामगार काळ्या हातांनी डोळे पुसायचे. मला आजही देव आठवतो तो त्या चालीतच. एका पहारेकऱ्याची गोष्ट होती. नगराच्या वेशीवर तो दिवसरात्र उभा. वाटसरू आला, हा चोर. फकीर आला, हा हेर. पाखरू उडालं, हा शत्रूचा निरोप. सगळ्यांकडे त्याचं लक्ष. आणि धूर निघाला तो त्याच्याच चौकीतून, त्याच्याच चुलीतून, त्याच्याच पाठीमागून.

शेवटची ओळ मी हलक्या आवाजात, वडिलांच्या चालीवर गायलो. शेजारच्या टेबलावरच्या पोरी वळून बघू लागल्या.

एव्हिसने चमचा खाली ठेवला. डोळे ओलावले होते तिचे. मग म्हणाली, "गातोस छान. पण मला सांग, चूल पेटवली कुणी? जोसलिनने."

आणि ती खोकली. मी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. दोघांपैकी कुणाच्याही मनात काही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्हाला आवाज भरायला बोलावलं. बाजारातल्या एका प्रसंगात मागून मालगाडी गेली होती, त्यामुळे आमचं बोलणं पुसट झालं होतं. अशा वेळी छोट्या बंद खोलीत पडद्यासमोर उभं राहून तेच शब्द पुन्हा बोलायचे असतात. आवाजाचं काम पाहणारा नॉर्मन आमचा जुना माणूस. त्याने आमच्या कानांवर हेडफोन चढवले आणि मूळ तुकडा लावला. कापाकापी न केलेला, जसाच्या तसा.

पडद्यावर नेली आणि वॉल्टर कोबी निवडत होते.

'वॉल्टर, हा नासका आहे.' खोकला. 'तो घे, मागचा.' खोकला. पुन्हा एक, लांबलेला, तोंड वळवून दाबलेला.

एव्हिसने कानावरचा हेडफोन सरकवला. "कोण खोकतंय रे मध्येमध्ये?"

नॉर्मन बटणांकडे बघत राहिला.

"इद्रिस, तू?"

"मी नव्हे."

"भाजीवाला असेल. पुन्हा लाव."

त्याने पुन्हा लावलं. पडद्यावर नेलीचे खांदे हलले आणि कानात खोकला आला. खांदे आणि खोकला एकाच वेळी. बाजाराचा तो प्रसंग आम्ही पानगळीत, खोकल्याची पानं येण्याच्या कितीतरी आधी केला होता. त्या दिवसाच्या संहितेत कोबी होता, खोकला नव्हता. मला पक्कं आठवत होतं, आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिलाही आठवतंय.

"हे लोकांना ऐकू गेलं?" तिने विचारलं.

"हा भाग अजून गेला नाही, पण आधीच्या भागांतही असंच होतं. जमेल तेवढं कापलं, एव्हिस," नॉर्मन म्हणाला. "पण तुमच्याच शब्दांवर चढलेलं कसं कापणार? थोडं राहिलं. तिथूनच ती पार्सलं…" तो थांबला. "तुम्ही जोसलिनबाईंशी बोला."

एव्हिसने हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवला. जिना चढताना ती मध्येच थांबली. मी मागे होतो. ती खोकत नव्हती. खोकला येऊ नये म्हणून श्वास धरून उभी होती. वर पोचल्यावर तिने दार न ठोकता उघडलं.

"नेलीला खोकला कुणी दिला?"

जोसलिनबाई उठून उभ्या राहिल्या. कानापर्यंत लाल झाल्या. "तुम्हीच दिलात, एव्हिस. म्हणजे… तो येतच होता. प्रत्येक प्रसंगात. पुन्हा चित्रीकरण कितीदा करणार? म्हणून लेखकांना म्हटलं, नेलीला बारीकसा खोकला लिहून टाका, म्हणजे लोकांना खटकणार नाही."

"आणि तो मधाचा चहा?"

"घशाला बरा म्हणून."

"सुतार?"

"तुम्ही तासन् तास उभ्या असता. गल्ल्यामागे उंच बैठक करून घेतोय. तुम्हाला राग येईल म्हणून त्यांना बोलू नका म्हटलं."

"मला तोंडावर का नाही सांगितलंस, की बाई, तू खोकतेस, डॉक्टरकडे जा?"

"असं कसं विचारायचं?" जोसलिनबाईंचा लोण्यासारखा आवाज पार विरघळला. "कुणाच्या तब्येतीबद्दल असं तोंडावर… तुम्ही एवढ्या मोठ्या. मी नवी. शिवाय इद्रिसना विचारलं, ते म्हणाले, घोड्यासारखी ठणठणीत."

एव्हिसने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्याशी बोलायची लाज वाटली," ती हळूच म्हणाली, "म्हणून अख्ख्या देशाला सांगायला निघालात!"

आणि ती हसायला लागली. हसता हसता खोकली, आणि या वेळी आम्ही तिघांनीही तो खोकला नीट ऐकला.

डॉक्टरांना फुप्फुसाच्या वरच्या टोकाला डाग सापडला. छोटा होता. वेळेत आलात, ते म्हणाले. कापून काढू, पुढे निदान उन्हाळ्यापर्यंत काम नाही. मी तिच्याबरोबर गेलो होतो. परतताना गाडीत ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मी मनातल्या मनात वडिलांची ती चाल धरून ठेवली होती. दुसरी प्रार्थना मला सुचत नव्हती.

"इद्रिस, डॉक्टर खोटं बोलत असेल का?"

"नसेल."

"तसा दिसला नाही. वाईट नट होता." मग म्हणाली, "पण आता त्यांना कारण मिळालं. मी उन्हाळ्यापर्यंत नाही. नेलीचा खोकला सगळ्यांनी ऐकलाय. आता ते तिला सोडणार नाहीत."

या वेळी तिचा संशय पोकळ नव्हता. दोन दिवसांनी जोसलिनबाईंच्या खोलीत आम्ही बसलो तेव्हा बाई टेबलावरची पेन्सिल फिरवत म्हणाल्या, "लेखकांचं म्हणणं असं, की खोकला दाखवून नेलीला नुसतं गावाला पाठवलं तर लोकांना पटणार नाही. लोकांची मनाची तयारी झाली आहे."

"टॅक्सी की पेटी?" एव्हिसने सरळ विचारलं.

आमच्याकडे जायच्या दोनच वाटा. टॅक्सीत बसून गेलेला माणूस केव्हाही परत येऊ शकतो. पेटीतून गेलेला येत नाही.

जोसलिनबाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. म्हणजे पेटी.

"लोकांची तयारी!" एव्हिस म्हणाली. "अगं पोरी, लोक मला मलम पाठवतायत, पुष्पचक्रं नाही. रॉदरहॅमच्या म्हातारीने बोटं दुखवून छातीला फडकं विणलं, ते मेलेल्या बाईसाठी? जन्मभर मला मारलंय तुम्ही लोकांनी. धुक्यात मारलं, समुद्रात मारलं, पियानोत मारलं. उठायचं, अंग झटकायचं आणि घरी जायचं. पण आत्ता मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाऊन पडणार आहे. तिथे गुंगीत जाताना मला एवढं माहीत हवंय, की नेली कुठेतरी समुद्राच्या हवेत बसून विणतेय."

मी म्हटलं, "आणि वॉल्टरला विधुर केलंत, तर मी रडणार नाही. कॅमेऱ्यासमोर ढिम्म उभा राहीन. कबुतरंसुद्धा रडणार नाहीत."

"त्याला रडता येतही नाही," एव्हिस म्हणाली. "कांदा लागतो."

जोसलिनबाईंनी पेन्सिल ठेवली. "ठीक आहे. मी लेखकांना कळवते. तुम्हाला तसं लिहून देते."

"लिहू नकोस. लिहिलेलं मी आयुष्यभर वाचत आले. माझ्याकडे बघ आणि सांग."

बाईंना ते जड गेलं. आधी टेबलाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग शेवटी एव्हिसकडे. "नेली मरणार नाही," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले. "आणि एव्हिस, तुमची आम्हाला फार काळजी वाटतेय."

"हं," एव्हिस म्हणाली. "हे पहिल्या दिवशी बोलली असतीस तर तुझा मध फुकट गेला नसता."

टॅक्सीचा प्रसंग यार्डातच झाला. नेली बहिणीकडे, समुद्रकाठच्या लँडिड्नोला, हवापालटासाठी जाते. सकाळची थंड, पांढरी उन्हं होती. एव्हिसने नेलीचा हिरवा कोट घातला होता, आणि आत, कुणाला दिसणार नाही असं, रॉदरहॅमचं जांभळं फडकं बांधलं होतं. टॅक्सी चालवणाऱ्या माणसाला एकही वाक्य नव्हतं. तरी एव्हिस आधी त्याच्यापाशी गेली.

"तुझ्या कागदावर काय लिहिलंय, बाबा?"

"कोपऱ्यापर्यंत जायचं, बाईसाहेब."

"कालव्याकडे वळायचं नाही?"

"नाही."

"कुणी मागाहून येऊन कानात काही सांगितलं?"

"नाही हो, बाईसाहेब."

"ब्रेक लागतात?"

त्याने पाय दाबून दाखवला. मग ती बसली.

मी वॉल्टर. दारात उभा राहून दुकानाची किल्ली कोटाच्या खिशात टाकायची, एवढंच माझं काम. बोलायचं नव्हतं. टॅक्सी निघाली. आमच्याकडे असं मानतात, की मागच्या काचेतून ज्याने वळून पाहिलं तो नक्की परतणार. नेलीने वळून पाहावं, असं संहितेत नव्हतं. टॅक्सी यार्डाच्या मधोमध गेली आणि मागच्या काचेत एव्हिसचा चेहरा आला. तोच तो, कुणीही फसवून जावं असा. फक्त आता तो फसायला तयार नव्हता; एक भुवई वर चढवून तो आमची सगळ्यांची झडती घेत होता. माझ्या छातीत काहीतरी सुरावर चढलं. मला कांदा लागला नाही.

टॅक्सी कोपऱ्याआड गेली.

"छान," दिग्दर्शक म्हणाला. "आणखी एकदा घेऊ."

चित्रीकरणातली गाडी कोपऱ्यापलीकडे थांबते आणि उलटी मागे येते, पुन्हा सुरुवातीच्या खुणेवर. तशी ती आली. कोपऱ्याआडून आधी टॅक्सीची पाठ दिसली, मग काच, मग हिरवा कोट. घोंघावत, मागे मागे येत गाडी माझ्या पुढ्यात थांबली. एव्हिसने काच खाली केली आणि मान बाहेर काढून सगळ्यांवरून नजर फिरवली: दिग्दर्शक, नॉर्मन, जोसलिनबाई, आणि दुकानात गल्ल्यामागची ती नवी उंच बैठक.

"आले की नाही परत?" ती म्हणाली. "बघून ठेवा. आणि त्या बैठकीवर कुणी बसायचं नाही."